कंपनीबाहेर बसवून घेतलेल्या हेडलाइटचा फॉल्ट कसा शोधावा : ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

सातारा-सांगलीकडे ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली काम शिकायला लागलात की एक तक्रार सारखी कानावर येईल : नवी लाइट टाकली, पण उजेड पडत नाही. अशा वेळी नवखा हात आधी बल्ब बदलतो. तो बहुतेकदा चांगलाच असतो. त्याच्यापर्यंत पुरती वीज पोहोचत नसते.

म्हणून व्होल्टेज मोजायचं ते लाइट चालू ठेवूनच. कप्लर (बल्बच्या मागे लागणारा वायरचा सॉकेट) काढून मीटर लावलं तर सडलेली वायरसुद्धा १२ व्होल्ट दाखवते, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. ते असतील तर कप्लर बल्बवर तसाच ठेवून मागच्या बाजूने प्लसच्या पिनला मीटरचा एक प्रोब (टोकदार वायर) टेकवा. दुसरा प्रोब बॅटरीच्या प्लसवर. मीटर जे दाखवेल तेवढं व्होल्टेज वाटेत खाल्लं जातंय. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं की स्विच, फ्यूज होल्डर, जोड एकेक करून तपासायचे. अर्थची बाजू (बल्बपासून बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परतणारी वाट) अशीच बॅटरीच्या मायनसपासून मोजायची, तिथे ०.२ व्होल्टच्या वर नको. हे आकडे किरकोळ वाटतात, पण हॅलोजनला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो.

डिपरवर (लो बीम) असताना अप्परची (हाय बीम) फिलामेंटही मिणमिणते, डॅशबोर्डवरचा निळा दिवा अर्धवट लागतो, असं दिसलं तर थेट अर्थकडे जा. परतीची वाट बंद झाली की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो. बॉडीवरचा बोल्ट खोलून रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासा, नवीन थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावून घट्ट आवळा.

मूळचा एच-४ बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे दोन्ही अप्पर मिळून साधारण १० अँपिअर. तिथे १००/९० वॅटचे बल्ब टाकले की हाच आकडा १७ च्या आसपास जातो. कप्लर पिवळा पडतो, मग वितळतो, स्विचचे पॉइंट जळतात. फ्यूज उडतोय म्हणून मोठा फ्यूज टाकणं हा गुन्हाच समजा. पुढचा फ्यूज मग वायरच होते. आमच्या मते मूळ वॅटचेच बल्ब ठेवून रिलेचं हार्नेस (वायरिंगचा तयार जोडसंच) टाकावं. रिले म्हणजे स्विचच्या थोड्या करंटवर बल्बचा मोठा करंट जोडणारा विजेवर चालणारा स्विच. लो आणि हायला ३०/४० अँपिअरचा एकेक रिले, २.५ चौरस मिलिमीटरची वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा फ्यूज. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरी, ८७ वरून बल्ब.

इथे एक बारकावा आहे. काही गाड्यांत स्विच प्लस नाही, मायनस तोडतो. हॅलोजनला फरक पडत नाही, पण उलट्या पोलॅरिटीवर बरेच एलईडी लागतच नाहीत आणि कॉइलच्या ८५ नंबरच्या पिनला बॉडीचा अर्थ दिलेला रिले नीट चालत नाही. साधा, डायोड नसलेला रिले घ्या आणि त्याची ८५-८६ ची कॉइल मूळ कप्लरच्या कॉमन आणि लो (किंवा हाय) पिनवर जोडा. दोन्ही प्रकारच्या गाड्यांत चालते.

एलईडी लुकलुकते किंवा बल्ब गेल्याची सूचना येते, तेव्हा गाडीचा कंट्रोल युनिट कमी करंट पाहून फसलेला असतो, नाहीतर वीज तुकड्या-तुकड्यांत देत असतो. त्या गाडीला चालणारा डीकोडर (मध्ये जोडायचं, ही गडबड सावरणारं युनिट) लागतो. रेडिओत खरखर आली तर एलईडीच्या ड्रायव्हरवर (तिला वीज पुरवणाऱ्या सर्किटवर) संशय घ्या.

आपल्याकडे पाण्याचा त्रास वेगळाच. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात फिरणाऱ्या गाडीत एलईडीच्या फॅनसाठी मागचं रबर बूट कापलेलं असेल तर काचेत वाफ धरणारच. सांगलीत २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांत तांबं इन्सुलेशनच्या आतून हिरवं-काळं झालेलं सापडतं. टोक साफ करून भागत नाही. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापा, नवा तुकडा सोल्डर करा, वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसती टेप पहिल्याच पावसाळ्यात सुटते.

काम झाल्यावर भिंतीवर उजेड पाडून बीमची उंची-दिशा लावून घ्या. रात्री उसाच्या ट्रॉलीला पार करताना समोरच्याचे डोळे दिपले तर जीव जातो. मग लाइट १५ मिनिटं चालू ठेवा आणि कप्लर, फ्यूज होल्डर, रिलेचा बेस हाताने चाचपा. कोमट चालेल. बोट टेकवत नसेल तर तो जोड पुन्हा खोला.