शांतिसेनेच्या प्रशिक्षणाला जाणार असाल तर

संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेच्या प्रशिक्षणातला चौथ्या दिवशीचा सराव. रस्त्यात आडवा बांबू टाकलेला, चार बंदूकधारी आणि मागे खोळंबलेली औषधांची गाडी. बंदूकधारी म्हणजे आमचे प्रशिक्षकच, पण वागणं अगदी खऱ्यासारखं. आमच्या गटात एक मेजर, पोलीस खात्यातला मी आणि मानवी हक्कांचं काम करणारी एक सहकारी. मेजरनं लगेच नकाशा उघडून दुसरा रस्ता शोधायला घेतला. मी म्होरक्याला नाव काय, कोणाच्या हुकमानं अडवलंत, असं विचारत सुटलो. इतक्या वर्षांच्या नोकरीची ती सवय. माझा आवाज चढला, त्याचाही चढला. मग सहकारी पुढे झाली. तिनं काळा चष्मा काढला आणि विचारलं, "कधीपासून उभे आहात इथे?" तेव्हा कुठे तो बोलायला लागला. गाडी सुटायला आणखी पाऊण तास लागला, पण सुटली.

नंतरच्या चर्चेत प्रशिक्षकानं माझी एक चूक दाखवली. सगळा वेळ मी सरावात सोबत दिलेल्या दुभाष्याकडे बघून बोलत होतो. नजर समोरच्या माणसावर हवी. वाक्य छोटं ठेवायचं आणि "त्याला विचार" असं न म्हणता थेट "तुम्ही" म्हणायचं. भेटीआधी पाच मिनिटं दुभाष्याला विषय समजावून सांगायचा. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दुभाषा बहुधा त्याच भागातला असतो. आपण मुदत संपली की परत जाणार, तो तिथेच राहणार. त्याच्या जिवावर बेतेल असा प्रश्न त्याच्या तोंडून वदवू नका.

तिथे पोचण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. सैनिक आणि पोलीस आपापल्या सरकारकडून पाठवले जातात. नागरी कर्मचारी स्वतः अर्ज करतात, संयुक्त राष्ट्रांच्या इन्स्पिरा या नोकरभरतीच्या पोर्टलवर किंवा यूएन व्हॉलंटियर्स या त्यांच्या स्वयंसेवक कार्यक्रमामार्फत. तुकडीबरोबर न जाता एकेकटे पाठवल्या जाणाऱ्या पोलिसांची भाषा आणि ड्रायव्हिंगची परीक्षा होते, आणि शस्त्र बाळगायचं असेल तर नेमबाजीचीही. ड्रायव्हिंग सरावानं जमतं. भाषेला मात्र काही महिने आधीपासून वेळ द्या. नुसतं बोलता येऊन भागत नाही, ऐकलेल्या घटनेवरून नीट अहवाल लिहिता आला पाहिजे.

अहवालावर आम्हाला फार घासून घेतलं. "गावातली 40 घरं जाळली," असं मी लिहिलं होतं. प्रशिक्षकाचे प्रश्न सुरू झाले: तुम्ही मोजलीत? कुठून, किती वाजता? जाळताना पाहिलंत की जळलेली पाहिलीत? त्या दिवसापासून मी पाहिलेलं, दुसऱ्याकडून कळलेलं आणि मला वाटलेलं असे तीन वेगळे परिच्छेद करतो. त्या कागदावर वरचे अधिकारी गस्त कुठे पाठवायची ते ठरवतात, त्यामुळे इथली ढिलाई कोणाच्या तरी जिवाशी येते.

वर्गातल्या तासांना काही जण कंटाळतात. तसं करू नका. संबंधित पक्षांची संमती, निःपक्षपातीपणा आणि स्वसंरक्षण किंवा आदेशाचं (सुरक्षा परिषदेनं मोहिमेला नेमून दिलेल्या कामाचं) रक्षण यांखेरीज बळाचा वापर न करणं, ही तीन तत्त्वं पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. ती कुठे अपुरी पडली हे समजायला वेळ लागतो. रवांडात 1994 च्या एप्रिलमध्ये कत्तली चालू असताना सुरक्षा परिषदेनं तिथलं सुमारे 2,500 जणांचं दल 270 वर आणायचा ठराव केला. आधीच 'सुरक्षित क्षेत्र' म्हणून जाहीर झालेल्या बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात 1995 मध्ये सुमारे 8,000 पुरुष आणि मुलगे मारले गेले. निःपक्षपाती असणं म्हणजे हाताची घडी घालून बघत राहणं, असा अर्थ लावायचा नाही, हे तिथून शिकायचं. 1999 साली सिएरा लिओनच्या मोहिमेच्या आदेशात पहिल्यांदाच नागरिकांचं संरक्षण स्पष्ट शब्दांत आलं.

लैंगिक शोषणाबद्दलचा तास तर अजिबात चुकवू नका. 2003 पासूनचा नियम स्वच्छ आहे. पैसे, नोकरी किंवा वस्तूंच्या बदल्यात शरीरसंबंध नाहीत. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीशी तर नाहीतच, मग स्थानिक कायदा काहीही म्हणो. ज्यांच्या रक्षणासाठी आपण जातो त्यांच्यावर आपल्याच माणसांनी अत्याचार केल्याची प्रकरणं घडली आहेत. साथीदार म्हणून गप्प बसणं हाही नियमभंगच. कळलं की कळवायचं.

निघण्याआधी दोन कामं घरबसल्या करता येतात. बीसेफ हा सुरक्षेचा ऑनलाइन अभ्यासक्रम पुरा करा. आणि ज्या मोहिमेवर जायचं आहे तिचा सुरक्षा परिषदेचा ठराव मिळवून त्यातली क्रियापदं अधोरेखित करा. 'निरीक्षण करणे', 'साहाय्य करणे' आणि 'संरक्षण करणे' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नाक्यावर उभं असताना आपल्याला काय करायची मुभा आहे, हे त्याच शब्दांवर ठरतं. त्या सरावानंतर आम्ही तिघांनी तो ठराव रात्री एकत्र बसून पुन्हा वाचला. एकाच वाक्याचे तिघांनी तीन अर्थ लावले होते, ते तेव्हा उघड झालं.