पुरातत्त्वाचे सादरीकरण आणि वाद: सोपाऱ्याच्या नाण्याचे उदाहरण

विद्यापीठात पुरातत्त्वीय संशोधन मांडताना स्थळाचा सगळा इतिहास सांगत बसू नये. एकच प्रश्न निवडून तो पहिल्या मिनिटात मांडावा. मुंबईच्या विद्यार्थ्याला उदाहरणासाठी फार लांब जावे लागत नाही. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी उत्खनित केला, तेव्हा अवशेषांच्या करंडकासोबत यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे आणि आठ कांस्यमूर्ती मिळाल्या. नाणे सातवाहनकालीन आहे, तर मूर्तींची शैली त्याहून कित्येक शतके नंतरची आहे. केवळ नाण्यावरून काळ ठरवणाऱ्या विद्यार्थ्याला मी तिथेच थांबवतो, कारण नाणे पाडले जाण्यापूर्वी तो ठेवा बंद झाला नव्हता, एवढेच त्यावरून सिद्ध होते. आणि मूर्ती त्याच वेळी ठेवल्या की स्तूप पुन्हा उघडून नंतर, यावरच खरा वाद रंगतो.

वाद घालताना ‘तुमचे चुकले’ असे न म्हणता ‘ही वस्तू कोणत्या थरातली, आणि नोंद कोणाची?’ असे विचारावे. छायाचित्रात मोजपट्टी हवीच. उत्तर ठाऊक नसेल, तर कोणता पुरावा मिळाल्यास आपण मत बदलू, हे निःसंकोचपणे सांगावे.