भोसलाला मुलाला सोडायला जाताय? आधी बुटांचं बघा

नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलच्या (स्थापना १९३७) वसतिगृहात मुलाला सोडणार असाल, तर नवे बूट आदल्या दिवशी आणू नका. पंधरा दिवस आधी आणा आणि रोज संध्याकाळी जाड मोजे घालून तासभर चालायला लावा. परेडच्या पहिल्याच आठवड्यात टाचेला फोड आला, की घरची आठवण दुप्पट होते. पॉलिश, चादरीची घडी, स्वतःचे मोजे-बनियन धुणं हेही त्याच दिवसांत त्याच्याच हातून होऊ द्या. कितीही वेळ लागला तरी आपण मध्ये हात घालायचा नाही.

कपड्यांवर न जाणाऱ्या शाईने नाव घाला. जूनमध्ये पाऊस असतोच, त्यामुळे सामानावर प्लास्टिक हवं. रेल्वेने येणाऱ्यांनी नाशिकरोड स्टेशनपासून गंगापूर रोडच्या बाजूला पोचायला मोकळा वेळ धरावा.

निरोप मात्र थोडक्यात घ्या. रडू आलं तर येऊ द्या, त्याचं आणि तुमचंही, पण गेटपाशी रेंगाळू नका. ‘लवकरच येतो’ असं मोघम सांगू नका. भेटीचा पुढचा दिवस शाळेत विचारून घ्या आणि ती तारीखच त्याला सांगा.