सदरा घालताना लुळा हात आधी

अर्धांगवायूनंतर घरी आलेल्या माणसाला कपडे घालताना क्रम पक्का ठेवा: घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. उलट केलंत तर लुळा हात ओढावा लागतो आणि खांदा दुखावतो. स्नायू सैल पडल्याने तो सांधा सहज निखळतो, म्हणून उठवतानाही दंडाला धरून ओढू नका.

पुढून उघडणारा, एक माप मोठा सदरा घ्या. गंजीफ्रॉक सुरुवातीला नकोच. खुर्चीत बसवून बाही मांडीवर पसरा. त्यांनीच चांगल्या हाताने लुळा हात आत सरकवावा, बाही कोपराच्या वर चढली की मगच दुसरा हात. 15 मिनिटं लागली तर लागू देत. आपण घाईने चढवला की त्यांचा तेवढा व्यायाम बुडाला. बटणं जमेनात तर शिंप्याकडून वेल्क्रो लावून घ्या.