व्हीएमसीवर टूल ग्रुप लावताय? या चुका टाळा

व्हीएमसी म्हणजे उभ्या स्पिंडलचं सीएनसी मशीन. त्यावर एकाच मापाची दोन-तीन टूल्स एका ग्रुपमध्ये टाकली की एकाचं आयुष्य संपल्यावर मशीन पुढच्या वेळी दुसरं उचलतं. कल्पना सरळ आहे. घोळ होतो तो बहुतेक वेळा डेटा भरताना. खालचं सगळं फानुक कंट्रोलबद्दल (मशीन चालवणाऱ्या संगणकाबद्दल) आहे. मशीन बनवणाऱ्यानुसार थोडाफार फरक असतो, त्यामुळे पॅरामीटरला हात लावण्याआधी मशीनसोबतचं मॅन्युअल बघा.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे प्रोग्रॅममध्ये एच नंबर (टूलच्या लांबीचा कोणता ऑफसेट, म्हणजे नोंदवलेलं माप, घ्यायचा तो नंबर) कायमचा लिहून ठेवणं. समजा ग्रुप १ मध्ये टी०५ आणि टी१५ हे ८.५ मि.मी. चे दोन ड्रिल आहेत. पॅरामीटर ६८१० मध्ये १०० असेल तर १०० च्या पुढचा आकडा ग्रुपचा धरला जातो, म्हणून टी१०१ एम०६ (टूल बदल) दिल्यावर ग्रुप १ मधलं चालू टूल येतं. पुढच्या ओळीत लांबीचा ऑफसेट लावणारं जुनं जी४३ एच०५ तसंच राहिलेलं असतं. टी०५ चालतंय तोवर जॉब ओके. मग नेमकं रात्रपाळीत टी१५ येतं. टी०५ ची लांबी १४२.३५०, टी१५ ची १४५.८००, आणि ऑफसेट मात्र पाच नंबरचाच. म्हणजे ड्रिल ३.४५ मि.मी. जास्त खाली. ड्रिलिंग सायकलचा आर पॉइंट (जिथून कटिंग फीड सुरू होतो) जॉबच्या वर ३ मि.मी. असेल तर ड्रिल रॅपिडमध्येच (कट न करता वेगात सरकताना) जॉबला ठोकतो. तिथे जी४३ एच९९ हवं, आणि एंडमिलला कटर कॉम्पेन्सेशन (टूलच्या त्रिज्येची भरपाई) असेल तर डी९९. मग त्या टूलच्या नावावर नोंदवलेले एच आणि डी कंट्रोल स्वतःच घेतो.

उलटा प्रकारही दिसतो. ग्रुप व्यवस्थित भरलाय, पण प्रोग्रॅम थेट टी०५ बोलावतो. कंट्रोलच्या लेखी ते साधं टूल, त्यामुळे काउंटर हलतच नाही.

इन्सर्ट (टूलवरचं बदलता येणारं धारेचं पातं) बदलल्यावरचा 'क्लिअर' जपून दाबा. स्क्रीनवर आयुष्य संपलेल्या टूलपुढे * दिसतो. क्लिअर केलं की सहसा अख्ख्या ग्रुपचा हिशेब शून्य होतो. तीनपैकी एकाच फेसमिलचे इन्सर्ट बदलून क्लिअर केलं, तर उरलेली दोन झिजलेली टूल्सही कंट्रोलसाठी नवी कोरी झाली! ग्रुपमधली सगळी टूल्स तयार झाल्यावरच क्लिअर करायचं, असा नियम शॉपवर लावलेला बरा. आणि इन्सर्ट बदलल्यावर लांबी परत घ्यायचीच.

मोजणी नगावर की मिनिटांवर, हे घाईत ठरवू नका. ड्रिल आणि टॅपला नग सोयीचे, फेसमिल आणि एंडमिलला मिनिटं. नगाची मोजणी साधारणपणे एम३० ला (प्रोग्रॅमच्या शेवटी), प्रोग्रॅममागे एकदाच वाढते. एका व्हाइसवरून चार जॉबच्या फिक्स्चरवर गेलात आणि २०० चा आकडा तसाच ठेवलात, तर ड्रिल ८०० जॉब मारणार. प्रोग्रॅम एम९९ ने परत सुरुवातीला नेऊन फिरवत असाल तर मोजणी वाढतच नाही. त्यासाठी ६८११ मध्ये ठरवलेला एम कोड द्यावा लागतो. मिनिटांत फक्त कटिंग फीडचा वेळ धरला जातो. रॅपिड, ड्वेल (जागेवर थांबणं), ड्राय रन (चाचणीची फेरी) त्यात नाही. म्हणून सायकल टाइमवरून मिनिटं काढली की टूल ठरवल्यापेक्षा बरंच जास्त घासलं जातं.

कॅटलॉगमधला आकडा जसाच्या तसा भरू नका. धारेची झीज ०.३ मि.मी. च्या आसपास येते तो नग भिंगाखाली बघून ठरवा आणि त्याच्या थोडं अलीकडे थांबा. नंतर कुणी स्पीड वाढवला तर आकडा पुन्हा काढा: स्पीड आणि टूलच्या आयुष्याचं नातं सांगणाऱ्या टेलरच्या सूत्रात कार्बाइडसाठी ०.२५ घातांक धरला, तर २० टक्के जास्त स्पीडला आयुष्य जवळपास निम्मं होतं. चालू कटमध्ये मिनिटं संपली तरी टूल मध्येच बदललं जात नाही, ग्रुप पुढच्या वेळी बोलावल्यावरच बदलतं. दीड तासाच्या डाय फिनिशिंगला हे फार नडतं.

नवीन ग्रुप प्रोग्रॅममधून जोडताना जी१० एल३ (ग्रुपचा डेटा भरायची आज्ञा) नंतर पी१ विसरलात तर आधीचे सगळे ग्रुप पुसले जातात.

आणि शेवटचं टूलही संपलं की काय होतं, हे तपासलंय का? कंट्रोल फक्त सिग्नल देतो. मशीन थांबवायचं की नुसता दिवा लावायचा, हे लॅडरवर (मशीन बनवणाऱ्याने कंट्रोलमध्ये भरलेल्या आतल्या प्रोग्रॅमवर) अवलंबून असतं. एका रिकाम्या ग्रुपमध्ये एकच टूल आणि आयुष्य १ नग भरा, झेड वर उचलून दोन सायकल हवेत चालवा. दुसरी सायकलही बिनबोभाट संपली, तर सर्व्हिस इंजिनिअरला बोलावून लॅडरमध्ये अलार्म टाकून घ्या. तोपर्यंत रात्रपाळीत ते मशीन एकटं सोडू नका.