नागपुरात आर्थिक सल्लागार व्हायचे असेल तर

या व्यवसायात येणाऱ्याने पुस्तके उघडण्याआधी आपल्याला पैसे कोण देणार, हे ठरवावे. म्युच्युअल फंडांचा वितरक व्हायचे असेल तर भांडवली बाजाराचे नियमन करणाऱ्या सेबीच्या एनआयएसएम या संस्थेची पाच-ए ही परीक्षा देऊन फंड कंपन्यांच्या संघटनेकडून, म्हणजे अ‍ॅम्फीकडून एआरएन हा वितरक नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि कमिशन फंड कंपनी देते. गुंतवणूक सल्लागार व्हायचे असेल तर सेबीच्या २०१३ च्या नियमांखाली नोंदणी करावी लागते आणि शुल्क ग्राहक स्वतः देतो. व्यक्तिशः नोंदणी केलेल्या सल्लागाराला वितरणाचे काम करता येत नाही, त्यामुळे दोन्ही दगडांवर पाय ठेवण्याची सोय नाही.

सल्लागाराच्या नोंदणीसाठी एनआयएसएमच्याच दहा-ए आणि दहा-बी या दोन परीक्षा आहेत. त्यांत उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जातात, म्हणून अंदाजपंचे उत्तरे देऊ नयेत. डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने अनुभवाची आणि नक्त मूल्याची (नेट वर्थ) जुनी अट गेली असून नक्त मूल्याऐवजी ठेव ठेवावी लागते. १५० ग्राहकांपर्यंत ती एक लाख रुपये आहे. सीएफपी या आर्थिक नियोजनाच्या प्रमाणपत्राचा अभ्यास अवश्य करावा, मात्र ते प्रमाणपत्र म्हणजे सेबीची नोंदणी नव्हे.

नागपुरात खरी अडचण परीक्षेनंतर येते. ज्या घरात विम्याचे काम ओळखीचे काका करतात आणि चहा पिऊन ‘फुकट’ सल्ला देऊन जातात, तिथे शुल्काचा विषय काढताना जीभ अडखळते. तरीही तो पहिल्याच भेटीत काढावा. एका कुटुंबाकडून वर्षाला ठरावीक शुल्क घ्यायचे तर कमाल मर्यादा १,५१,००० रुपये आहे. सुरुवातीला त्याच्या जवळपासही जाता येणार नाही, पण आकडा लेखी असावा आणि रक्कम रोख घेऊ नये.

पहिल्या भेटीत कोणत्याही योजनेचे नाव घेऊ नये. पैसा किती येतो याइतकेच तो केव्हा येतो हे विचारावे. काटोल-नरखेडकडच्या संत्रा बागायतदाराच्या हाती आंबिया बहाराचा पैसा हिवाळ्यात पडतो आणि मृग बहाराचा उन्हाळ्याच्या तोंडावर. त्याला दर महिन्याच्या पाच तारखेची एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक गुंतवणूक, लावून दिली तर ती चार महिन्यांत बंद पडते. त्याची रक्कम एकदम लिक्विड फंडात, म्हणजे अल्पमुदतीच्या कमी जोखमीच्या फंडात, ठेवून तिथून दरमहा थोडी थोडी निवडलेल्या योजनेत वळवणे अधिक शहाणपणाचे. नोकरदारांना रुजू होण्याची तारीख विचारावी. जिल्हा परिषदेच्या शाळेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेली शिक्षिका आणि त्या तारखेनंतर लागलेली तिची सहकारी यांच्या निवृत्तीचा हिशेब एकाच साच्यात बसत नाही; पहिली जुन्या पेन्शन योजनेत आहे, दुसरी अंशदायी योजनेत. शिक्षिकेचा नवरा रेल्वेत असेल तर त्याच्यासाठी हीच सीमारेषा १ जानेवारी २००४ ची आहे.

मग येतो प्लॉट. बेसा किंवा वर्धा रोडकडे एखादा तुकडा घेऊन ठेवलेला नाही, असे मध्यमवर्गीय घर आपल्याकडे शोधावे लागते. तो विका असे सांगून संबंध बिघडवू नयेत; जमीन अकृषक आहे का, सुधार प्रन्याससारख्या नियोजन संस्थेचे, प्लॉट नियमित केल्याचे आरएल पत्र मिळाले आहे का, हे विचारून कागद पाहावेत आणि तोवर मुलीच्या शिक्षणाच्या हिशेबात त्याची किंमत धरू नये.

जोखीम घेण्याची तयारी तपासणे नियमानुसार बंधनकारक आहे, पण छापील प्रश्नावलीत प्रत्येकजण शूर असतो. मी विचारतो की २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के घसरला, तेव्हा तुम्ही काय केले? ‘घाबरून सगळे काढून घेतले’ हे उत्तर त्या प्रश्नावलीपेक्षा मला अधिक विश्वासार्ह वाटते.

सुरुवातीच्या काळात एका निवृत्त जोडप्यासाठी मी चाळीस पानांचा आराखडा नेला होता. काकांनी तो कौतुकाने चाळला. काकू शेवटपर्यंत गप्प होत्या आणि मी उठताना म्हणाल्या, “हे सगळं बरोबर आहे भाऊ, पण ह्यांना काही झालं तर मी पहिले कोणाकडे जाऊ?” चाळीस पानांत त्याचे उत्तर नव्हते. तेव्हापासून पती-पत्नी दोघेही समोर असल्याशिवाय मी कामाला हात घालत नाही, आणि गुंतवणुकीआधी प्रत्येक खात्यावरचे नामनिर्देशन तपासतो. आराखड्याच्या वर एकच पान जोडतो: कोणते खाते कोणत्या शाखेत, पॉलिसीचे मूळ कागद कुठे, आधी कोणाला फोन करायचा. ते मराठीत आणि मोठ्या अक्षरांत असते. नियमाप्रमाणे सल्ल्याच्या नोंदी पाच वर्षे माझ्याकडे राहतात; हे पान मात्र काकूंच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली आहे, आणि दर दिवाळीनंतर मी ते बदलून देतो.