डेमिंग समजून घेण्यासाठी आधी मणी मोजा

गुणवत्ता-व्यवस्थापनाचे विचारवंत, अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग (१९००–१९९३) यांचा अभ्यास व्यवस्थापनाविषयीच्या त्यांच्या प्रसिद्ध १४ सूत्रांपासून सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नुसती वाचली तर ती उपदेशासारखी वाटतात. त्याऐवजी आपल्या चार दिवसांच्या चर्चासत्रांत ते स्वतः मुकादम होऊन करून दाखवत, तो लाल मण्यांचा प्रयोग आधी करावा.

एकाच आकाराचे ३,२०० पांढरे आणि ८०० लाल मणी पसरट भांड्यात एकत्र करावेत आणि ५० खळगे असलेली एक फळी घ्यावी. सहा जणांना कामगार नेमावे, दोघांना तपासनीस करावे, शिवाय एक मुख्य तपासनीस आणि आकडे नोंदवहीत लिहिणारा एक जण असावा. ग्राहकाला फक्त पांढरे मणी हवे आहेत, असे मुकादमाने बजावावे. प्रत्येक कामगाराने फळी मण्यांत बुडवून ५० मणी उचलावेत, तपासनिसांनी एकमेकांशी न बोलता लाल मणी मोजावेत आणि मोजलेले मणी परत भांड्यात टाकावेत. अशा फेऱ्या चार. तीन फेऱ्यांनंतर 'सर्वोत्तम' तिघांना ठेवून बाकीच्यांना काढावे आणि चौथ्या फेरीत त्या तिघांकडून दुप्पट काम घ्यावे.

पाच लाल मणी आल्याबद्दल शाबासकी मिळालेल्याच्या फळीवर पुढच्या फेरीत चौदा येऊ शकतात. अशा वेळी तो फळी जास्त सावकाश, जास्त जपून बुडवू लागतो. हे नीट पाहावे, कारण प्रयोगाचा गाभा इथेच आहे.

मग हिशोब करावा. २४ नोंदींची सरासरी काढून, तिला उचललेल्या मण्यांतील पांढऱ्यांच्या प्रमाणाने गुणावे, वर्गमूळ घेऊन त्याची तिप्पट करावी आणि ती सरासरीत एकदा मिळवावी, एकदा वजा करावी. सरासरी १० आली, तर १० × ०.८ = ८, वर्गमूळ २.८३, तिप्पट सुमारे ८.५, म्हणजे २ ते १८ या टप्प्यातला कोणताही आकडा कामगाराच्या कसबाबद्दल काहीच सांगत नाही. मणी २० टक्के लाल असले, तरी सरासरी १० यायलाच हवी असे मात्र नाही, कारण फळीने उचललेले मणी म्हणजे काटेकोर यादृच्छिक नमुना नव्हे.

अशा वरच्या-खालच्या मर्यादांची कल्पना अमेरिकेतील बेल या दूरध्वनी उद्योगसमूहात काम करणाऱ्या वॉल्टर श्यूहार्ट यांची, १९२४ सालची. डेमिंग त्यांना १९२७ मध्ये भेटले आणि आयुष्यभर तिला धरून राहिले. १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघाने त्यांना व्याख्यानांसाठी बोलावले, तेव्हा अभियंत्यांबरोबरच उद्योगांच्या प्रमुखांपुढेही ते बोलले. त्याचे कारण भांड्याकडे पाहिले की कळते: मणी विकत आणण्याचा अधिकार कामगाराला नसतो.

आता १४ सूत्रे उघडावीत आणि घोषणा, कामाचे ठरावीक कोटे व वार्षिक गुणांकन यांना विरोध करणारी सूत्रे आधी वाचावीत. वाचताना ती नोंदवही समोर ठेवावी आणि काढून टाकलेल्या तिघांचे आकडे पुन्हा एकदा पाहावेत.